जेपी साहेब डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी उभे आहेत. बारा वर्षांचा अनुभव बघून मत द्यावं का?

टेक्सासात ह्यूस्टनजवळ, फोर्ट बेंड कौंटीतल्या (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शुगरलँडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांना यंदा नागरिकत्व मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये त्या पहिल्यांदाच मतदान करणार आहेत. त्यांच्या भागातले 'जस्टिस ऑफ द पीस' (सगळ्यात खालच्या कोर्टाचे न्यायाधीश), ज्यांना इथे सगळे जेपीच म्हणतात, तीन टर्म खुर्चीवर आहेत. आता ते डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी उभे आहेत. समोर चाळिशीचा एक वकील आहे आणि तो एक दिवसही न्यायाधीश नव्हता. ताई विचारतात, "इतक्या अनुभवी माणसाला बढती मिळायलाच हवी ना? पण हेच जज आमच्या गणपतीच्या आरतीला आले, प्रसाद घेतला, सगळ्यांशी हात मिळवले आणि जाताना टेबलावर देणगीची छापील पाकिटं ठेवून गेले. न्यायाधीशाने मतं मागायची, वर पैसेही मागायचे, हे मला पचत नाही. मग मत कशावर द्यायचं?"

मी बावीस वर्षं ह्यूस्टन आणि आसपासच्या कौंट्यांमध्ये वकिली करतोय. बहुतेक काम कौटुंबिक आणि थोडं दिवाणी. त्याआधी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात तीन वर्षं एका सिनियरांच्या हाताखाली फायली वाहिल्या, त्यामुळे दोन्हीकडच्या न्यायाधीशांसमोर उभं राहून झालंय. ताईंच्या प्रश्नातले हे दोन उमेदवार कोण ते मी विचारलं नाही, आणि माहीत असते तरी नाव घेऊन सांगितलं नसतं, कारण जानेवारीनंतर त्यातल्याच एकासमोर मला उभं राहायचंय. गंमत म्हणून सांगत नाही. पैशांच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे, पुढे येतोच.

आधी तो 'बढती' शब्द. ताई, हा शब्द आपण घरून घेऊन आलोय. महाराष्ट्रात एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. काही जागा सात वर्षं वकिली केलेल्यांमधून थेट भरतात, बाकीच्या खालून वर येतात. वाटेत हायकोर्टाची नजर असते, गोपनीय अहवाल असतात, किती खटले निकाली काढले याचा हिशेब असतो. कुणाला वर न्यायचं ते ठरवणाऱ्यांच्या हातात त्या माणसाची फाईल असते.

टेक्सासात ही शिडीच नाही. जेपीची निवडणूक दर चार वर्षांनी आणि डिस्ट्रिक्ट जजचीही दर चार वर्षांनी. दोन्ही निवडणुका पक्षाच्या नावावर, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. १८७६ च्या राज्यघटनेपासून इथले न्यायाधीश लोकच निवडतात. मधेच एखादी डिस्ट्रिक्ट कोर्टाची जागा रिकामी झाली तर गव्हर्नर माणूस नेमतो, पण त्यालाही पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांपुढे यावंच लागतं. म्हणजे बढती समितीचं काम तुम्हाला दिलंय आणि फाईल मात्र दिलेली नाही. 'अनुभव आहे की नाही' या प्रश्नाने तुमचं भागणार नाही. 'कसला अनुभव, आणि नव्या खुर्चीत त्यातला कितीसा चालेल' हे विचारावं लागेल.

इथे 'जज' या शब्दाखाली बऱ्याच गोष्टी येतात. 'कौंटी जज' तर मोठ्या कौंटीत न्यायदान करतच नाही. तो कौंटीच्या कमिशनर्स कोर्टाचा प्रमुख, आपल्या हिशेबाने जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. जेपी मात्र खराखुरा न्यायनिवाडा करतो, पण त्याचं कोर्ट सगळ्यात खालचं. वाहतुकीचे आणि तत्सम बारीक गुन्हे, ज्यात जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड होतो आणि तुरुंगवास नाही. २०,००० डॉलरपर्यंतचे पैशांचे दावे. भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे खटले. अटक झालेल्या माणसाला ४८ तासांच्या आत हक्क समजावून सांगणं आणि जामीन ठरवणं. याशिवाय लग्नं लावणं, आणि ज्या कौंटीत मेडिकल एक्झामिनर (मृत्यूचं कारण तपासणारा सरकारी डॉक्टर) नाही तिथे अपमृत्यूची चौकशी. जेपी व्हायला वकील असण्याचीसुद्धा अट नाही. डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी मात्र घटनेतच अट आहे: राज्यात वकील किंवा न्यायाधीश म्हणून, किंवा दोन्ही मिळून, आठ वर्षं. आधी ती चार वर्षं होती, २०२१ मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्तीला मत देऊन ती दुप्पट केली.

डिस्ट्रिक्ट कोर्टात काय येतं? खून, बलात्कार, दरोडा, घटस्फोट, मुलांचा ताबा, जमिनीच्या मालकीचे वाद, कितीही मोठ्या रकमेचे दावे. जेपीच्या कोर्टात ज्युरी सहा जणांची, इथे बारांची. टेक्सासात आरोपीने ज्युरीकडून शिक्षा मागितली नसेल तर ती न्यायाधीशच ठरवतो. सेकंड डिग्री फेलनीला, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या गंभीर गुन्ह्याला, २ ते २० वर्षं. या दोन आकड्यांमध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे रोज ठरवायचं. काल ज्याच्या हातात जास्तीत जास्त पाचशे डॉलर होते, त्याच्या हातात उद्या वीस वर्षं येतात. मधलं कौंटी कोर्ट अॅट लॉ, म्हणजे वर्षभरापर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे चालवणारं कोर्ट, ते तर तुमच्या जेपी साहेबांनी ओलांडूनच उडी मारलीय. ही उडी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. ती केवढी लांब आहे तेवढं लक्षात असू द्या.

आता त्या बारा वर्षांचं खरं मोल कशात आहे ते सांगतो. बरीच वर्षं झाली. एका मराठी घरमालकाचं काम घेऊन मी एका जेपी कोर्टात गेलो होतो. सकाळी नऊचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, घर खाली करून घेण्याचे चाळीसेक खटले, बाकं भरलेली. आमच्या आधी एका बाईंचा पुकारा झाला. कडेवर मूल, हातात खाकी पाकीट, पाकिटात पगाराच्या चिठ्ठ्या. वकील नाही. समोर अपार्टमेंट कंपनीची मॅनेजर, तिच्याकडे व्यवस्थित टाचलेले कागद. बाई पगार कसा उशिरा झाला ते सांगत होत्या. कायद्याने त्याचा काहीच उपयोग नव्हता. जजनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग मॅनेजरला म्हणाले, "नोटीस कधी दिली ती तारीख दाखवा." नोटीस सोमवारची होती आणि दावा बुधवारी लावलेला. लीजमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर घर सोडायची नोटीस तीन दिवसांची लागते. दावा फेटाळला. सगळं मिळून चार मिनिटं. बाईंना काय झालं ते कळलंच नाही. तेव्हा जजनी खुर्चीतून पुढे वाकून सांगितलं, "तुम्ही जिंकलात असं समजू नका. हे लोक नवी नोटीस देऊन परत येतील. तोवर भाड्याचं बघा."

मी घरमालकाचा वकील होतो, तरी मला तो माणूस आवडला. ज्याला वकील नाही, इंग्रजी जेमतेम आहे, आपलं म्हणणं कुठून सुरू करायचं तेही कळत नाही, अशा माणसाचं ऐकून नेमका कागद मागणं हे कुठल्या लॉ स्कूलमध्ये शिकवत नाहीत. डिस्ट्रिक्ट कोर्टात, विशेषतः कौटुंबिक खटल्यांत, वकिलाशिवाय येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एका सकाळी चाळीस खटले आवाज न चढवता हाताळलेला माणूस तिथे फार कामाचा. मोठ्या फर्ममधून थेट आलेल्या न्यायाधीशाला हे जमायला कधीकधी दोन वर्षं लागतात. काहींना जमतच नाही.

आता दुसरी बाजू. तुमचे जेपी साहेब याबद्दल आरतीला बोलले नसणार. जेपी कोर्टातल्या दिवाणी दाव्यांना पुराव्याचे नियम सहसा लागूच होत नाहीत. ऐकीव गोष्ट असो, सही नसलेला कागद असो, जज बघतो आणि त्याला वाटेल तेवढं वजन देतो. इतकंच नाही, तर साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारून खटल्यातली माहिती बाहेर काढायची मुभा त्याला नियमानेच दिलीय. छोट्या दाव्यांसाठी हे अगदी योग्य आहे. पण बारा वर्षांत हे हातात मुरतं.

आजूबाजूच्याच एका कौंटीत, कुठली ते राहू दे, खालच्या कोर्टातून नुकत्याच आलेल्या एका डिस्ट्रिक्ट जजसमोर माझा मुलाच्या ताब्याचा खटला होता. समोरच्या वकिलाने आजीच्या फोनमधल्या मेसेजचा फोटो पुढे केला. मेसेज तिसऱ्याच माणसाचा, आणि तो माणूस साक्षीला नाही. मी हरकत घेतली. जज म्हणाले, "ऐकून तर घेऊ." मग त्यांनी स्वतःच आजीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. एक, दोन, मी मोजत गेलो, अकरा प्रश्न. माझी अशील, आपलीच एक मराठी मुलगी, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, हे कुणाच्या बाजूने विचारतायत?" मला उत्तर देता आलं नाही. जजच्या प्रश्नाला जजसमोरच हरकत घ्यायची म्हणजे सासूबाईंना पंगतीत आमटी खारट झालीय म्हणून सांगायचं. घ्यावी तर लागते, कारण वेळेवर हरकत घेतली नाही तर अपिलात तो मुद्दा उरत नाही. घेतली. त्यांचा चेहरा पडला, माझी दुपार वाईट गेली. बेंचवर, म्हणजे ज्युरीशिवाय चाललेला खटला होता म्हणून निभावलं. ज्युरी असती तर बारा माणसं जजच्या आवाजावरून कौल घेत बसली असती. खरं सांगायचं तर पुढच्या दीड वर्षात ते जज पुष्कळ बदलले. आता त्यांच्यासमोर जायला मला काही वाटत नाही. पण त्यांच्या शिकण्याच्या काळात ज्यांचे खटले लागले, त्यांना त्याचा काय उपयोग?

अजून एक अडचण आहे. जेपीच्या निकालावर अपील केलं की खटला वरच्या कौंटी कोर्टात पहिल्यापासून चालतो, जणू खाली काही झालंच नव्हतं. त्यामुळे जेपीने कायदा बरोबर लावला की चुकीचा, हे कुणी लिहून ठेवत नाही. डिस्ट्रिक्ट कोर्टात शब्द न् शब्द नोंदला जातो, आणि वरचं अपील कोर्ट निकालपत्र लिहून चूक दाखवतं किंवा निकाल कायम करतं. ती निकालपत्रं घरबसल्या वाचता येतात. म्हणून आधीपासून डिस्ट्रिक्ट जज असलेला उमेदवार पारखायला सोपा असतो. बारा वर्षं जेपी असलेल्या माणसाच्या कायद्याच्या समजेबद्दल कागदावर जवळपास काहीच सापडत नाही.

मग चाळिशीचा वकील बरा? तेही सांगता येत नाही. आठ वर्षांची अट ऑफिसात बसून करारनामे तपासूनही पुरी होते. त्याने स्वतः मुख्य वकील म्हणून किती ज्युरी ट्रायल चालवल्यात, कुठल्या प्रकारच्या, आणि दोन्ही बाजूंनी काम केलंय का, हे विचारायचं. जन्मभर सरकारी वकील असलेल्याला बचावाच्या टेबलावरून कोर्ट कसं दिसतं ते ठाऊक नसतं, आणि जन्मभर बचाव करणाऱ्याला उलट बाजू. मला दोन्हीकडे बसलेला माणूस आवडतो, पण असे थोडे. वकिलीतून थेट येऊन निवडून येणं इथे काही नवल नाही. फोर्ट बेंडमध्येच केरळातून आलेले सुरेंद्रन पट्टेल २०२२ मध्ये २४०व्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर वकिलीतूनच निवडून आले.

बरंचसं त्या विशिष्ट कोर्टावर अवलंबून आहे. बाजूच्या हॅरिस कौंटीत डिस्ट्रिक्ट कोर्टांचे वाटे पडलेले आहेत: दिवाणी वेगळी, फौजदारी वेगळी, कौटुंबिक वेगळी, अल्पवयीनांची वेगळी. फोर्ट बेंडमध्ये काही कोर्टं कौटुंबिक कामाची आहेत आणि काहींपुढे सगळंच येतं. मतपत्रिकेवर नुसता कोर्टाचा नंबर दिसेल, त्यावरून काही कळणार नाही. कौंटीच्या साइटवर तो नंबर टाकून बघा. कौटुंबिक कोर्ट असेल तर जेपीच्या त्या चार मिनिटांना मी जास्त गुण देईन. गंभीर फौजदारी खटले असतील तर एवढंच बघेन की या माणसाने फेलनीचा खटला जवळून पाहिलाय की नाही. दुसरं, जेपी होण्याआधी ते काय करत होते? आणि जेपी असताना त्यांची वकिली चालू होती का? जेपीला स्वतःचं कोर्ट सोडून इतरत्र वकिली करायची परवानगी असते, आणि बरेच जण करतात. सकाळी घर खाली करण्याचे खटले आणि दुपारी वरच्या कोर्टात बचाव, असं बारा वर्षं केलं असेल तर माझी वरची अर्धी भीती गेलीच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट, ते आत्ताच का उभे राहिले? टेक्सासच्या घटनेप्रमाणे जेपीसारख्या कौंटीच्या पदाधिकाऱ्याची मुदत एक वर्ष आणि ३० दिवसांहून जास्त उरली असेल आणि त्याने दुसऱ्या पदासाठी उमेदवारी जाहीर केली, तर ती जाहीर करणं म्हणजेच राजीनामा. म्हणून हे लोक तारखा मोजून घोषणा करतात. मुदत संपत आली असली तरी एका वेळी दोन पदांसाठी अर्ज भरता येत नाही, म्हणजे हरले तर खुर्ची गेली. एवढी जोखीम घेणाऱ्याला काम खरंच हवं असतं, हे एक. पण आपल्या प्रीसिंक्टची, म्हणजे कौंटीतल्या आपल्या विभागाची, हद्द बदलली, पक्षाचा वारा फिरला, म्हणून सुरक्षित जागा शोधणारेही मी पाहिलेत. पगारासाठी असेल असं मात्र चटकन म्हणू नका. डिस्ट्रिक्ट जजचा राज्याकडून मिळणारा मूळ पगार २०२५ मध्ये १,४०,००० वरून १,७५,००० डॉलर झाला, वर कौंटी थोडी भर घालते. ह्यूस्टनच्या मोठ्या फर्ममधला पहिल्या वर्षाचा वकील याहून जास्त घेतो.

आता ते देणगीचं पाकीट. ताई, तुमच्या पोटात ढवळलं ते बरोबरच आहे, पण त्यांनी बेकायदा काही केलं नाही. बऱ्याच राज्यांत न्यायपदाच्या उमेदवाराला स्वतः पैसे मागता येत नाहीत, समितीमार्फत मागावे लागतात. फ्लोरिडातली अशी बंदी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. टेक्सासात तशी बंदी नाही. इथे मर्यादा रकमेवर आहे. १९९५ च्या कायद्याने एका व्यक्तीला एका निवडणुकीत लोकसंख्येप्रमाणे १,०००, २,५०० किंवा ५,००० डॉलरपर्यंतच देता येतात. फोर्ट बेंडची लोकसंख्या दहा लाखांच्या आत आहे, म्हणून मधला आकडा. रोख असेल तर १०० डॉलरच्या वर घेता येत नाही. एक सूचना सगळ्यांसाठी: नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याने अमेरिकेतल्या कुठल्याच निवडणुकीत देणगी द्यायची नसते. एच-१बीवरच्या भाच्याला किंवा सहा महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांना उत्साहाच्या भरात चेक फाडू देऊ नका. आणि मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर मंडळाच्या नावाने कुणाचा प्रचार नको. आरतीला कुणीही यावं, माईक द्यायचा तर सगळ्या उमेदवारांना द्यावा.

न्यायाधीशांच्या निवडणुकीत पैसे देतं कोण? मुख्यतः वकील. मीही देतो. मोठी रक्कम नसते, पण देतो, कधी एका चांगल्या माणसासाठी, आणि कबूल करतो, कधी नुसतं आपलं नाव यादीत नसलं तर बरं दिसणार नाही म्हणून. ही पद्धत मला आवडत नाही. पण तिचा हिशेब उघडा असतो. डिस्ट्रिक्ट जजच्या उमेदवाराचे देणगी अहवाल ऑस्टिनला टेक्सास एथिक्स कमिशनकडे जातात आणि त्यांच्या साइटवर दिसतात. जेपी म्हणून आधी दिलेले अहवाल कौंटीकडे असतात. दोन्ही उघडून बघा. पन्नास-शंभर वकिलांकडून थोडे थोडे आले असतील तर ते इथलं नेहमीचंच. एकाच फर्मची माणसं एकामागून एक, सगळी कमाल रकमेची, अशी रांग दिसली तर थांबा. जेपीच्या बाबतीत मी अजून एक बघेन: अपार्टमेंट कंपन्यांशी, जामीन देणाऱ्या बाँड एजंटांशी किंवा वसुलीवाल्या वकिलांशी संबंधित किती नावं आहेत. बारा वर्षं तेच त्यांच्यासमोर येत होते. पैसा किती पुढे जाऊ शकतो याचं टोकाचं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियाचं. तिथे एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एक न्यायाधीश निवडून यावा म्हणून तीस लाख डॉलर खर्च केले, आणि तोच न्यायाधीश त्या कंपनीच्या अपिलावर बसला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्याने बाजूला व्हायला हवं होतं. तेही पाच-चारच.

आरतीला जेपी साहेबांनी भाषण केलं असेल तर ते काय बोलले ते आठवतंय का? न्यायाधीशाला आपली मतं सांगता येतात, २००२ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते स्पष्ट आहे. पण 'अमुक प्रकारच्या खटल्यात मी तमुक निकाल देईन' असं वचन इथली न्यायाधीशांची आचारसंहिता देऊ देत नाही. 'माझ्या कोर्टात एकाही चोराला सवलत मिळणार नाही' यावर मंडपात टाळ्या पडतात, पण माझ्या वहीत तिथे फुली पडते. उलट कुणी 'त्यावर मला बोलता येणार नाही' असं म्हणून प्रश्न टाळला तर लोक नाराज होतात. नाराज होऊ नका, तो माणूस नियम पाळतोय. आणि अंगणात लावलेल्या प्रचाराच्या पाट्या नीट बघा. जे पद सध्या आपल्याकडे नाही त्याचं नाव पाटीवर लिहायचं तर मधे 'फॉर' हा शब्द घालावा लागतो, आणि त्याची अक्षरं पदाच्या नावाच्या निदान अर्ध्या आकाराची हवीत, असा इथला निवडणूक कायदा आहे. तो 'फॉर' किती दिसतो यावरून मला उमेदवाराबद्दल बरंच कळतं. जेपीला 'जज' म्हणवून घ्यायचा हक्क आहेच, पण ते आत्ताच डिस्ट्रिक्ट जज आहेत असा समज पाटीने होता कामा नये.

मतपत्रिकेवर मात्र यातलं काही नसतं. नावापुढे पदवी किंवा हुद्दा छापायला मनाई आहे. बारा वर्षांचे जेपी आणि नवखा वकील दोघेही नुसतं नाव आणि पक्ष. आणि खरं सांगू? नोव्हेंबरचे बहुतेक निकाल त्या पक्षाच्या रकान्यावर लागतात. हॅरिस कौंटीत १९९४ मध्ये एका पक्षाची लाट आली आणि २०१८ मध्ये दुसऱ्याची. दोन्ही वेळा चांगले न्यायाधीश वाईटांबरोबर वाहून गेले. एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय २०१७ च्या कायद्याने काढली, ती २०२० पासून बंद झाली. आता प्रत्येक नावावर वेगळं मत द्यावं लागतं, आणि न्यायाधीशांपर्यंत येईतो लोक कंटाळून घरी जातात. त्यामुळे खाली पडणारं एकेक मत वजनदार आहे. दोन उमेदवारांची नुसत्या गुणांवर तुलना करायची असेल तर ती मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. तिथे दोघं एकाच पक्षाचे असतात. टेक्सासात पक्षाची नोंदणी नसते, त्या दिवशी कुठली मतपत्रिका हवी ते सांगायचं, इतकंच. हे पुढच्या वेळेसाठी.

आत्तापुरतं, ही तपासणी एका संध्याकाळची आहे. न्यायाधीशांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या स्टेट कमिशन ऑन ज्युडिशियल कंडक्टच्या साइटवर जेपी साहेबांचं नाव टाका. जाहीर ताकीद किंवा ठपका असेल तर तिथे मिळेल. वकिलाचं नाव स्टेट बारच्या, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संघटनेच्या, साइटवर टाका, परवाना कधी मिळाला आणि शिस्तभंगाची कारवाई झाली का ते दिसतं. लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मतदार पुस्तिकेत दोघांना तेच प्रश्न विचारलेले असतात. उत्तर दिलंय का, आणि दिलं असेल तर त्यात स्वतःचं काही आहे की छापील, ते बघा. बार असोसिएशनच्या, म्हणजे वकिलांच्या स्थानिक संघटनेच्या, मतचाचण्या मी बघतो, पण त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. त्यात मत देणाऱ्या पुष्कळ वकिलांनी त्या उमेदवारासमोर कधी काम केलेलं नसतं. त्यापेक्षा ओळखीतल्या एखाद्या कोर्ट रिपोर्टरला (कोर्टातलं बोलणं शब्दशः नोंदवणाऱ्याला) किंवा दुभाष्याला विचारा. मतदान केंद्रात फोन वापरता येत नाही, शंभर फुटांच्या आत तो बंद ठेवावा लागतो. तेव्हा नावं कागदावर लिहून न्या, कागद चालतो.

आणि जमलंच तर एक सकाळ काढून जेपी साहेबांच्या कोर्टात जाऊन बसा. कोर्ट उघडं असतं, कुणी कारण विचारत नाही. घर खाली करण्याच्या खटल्यांचा दिवस कुठला ते क्लार्कला फोन करून विचारा आणि पावणेनऊलाच पोहोचा, सुरक्षेच्या रांगेत वेळ जातो. मागच्या बाकावर बसा. वकील उभा असताना जज कसे बोलतात आणि वकील नसलेला माणूस आल्यावर कसे बोलतात, तेवढं ऐका. वकिलाच्या बाबतीत त्याच्या ऑफिसला फोन करून या महिन्यात त्याची ट्रायल कुठे लागलीय ते विचारा. रिचमंडच्या जस्टिस सेंटरमध्ये असेल तर पार्किंग फुकट आहे.